नवी पिकअप, गावचा मिस्त्री आणि कंपनीची वॉरंटी



कापसाची पहिली वेचणी घरात आली, सोयाबीनचे पैसे हाती पडले, की आपल्या वर्धा जिल्ह्यात नव्या गाड्या दिसू लागतात. देवळीत, हिंगणघाटात, आर्वीत पाहा, एम.एच. ३२ ची कोरी पाटी लावलेली डिझेल पिकअप हार घालून देवळापुढे उभी असते. आनंदाचीच गोष्ट आहे. पण पुष्कळदा असे होते की हार सुकण्याच्या आत ती गाडी मिस्त्रीच्या शेडमध्ये जाते. पाटे वाढवायचे, फाळके उंच करायचे, पुढे लोखंडी गार्ड बसवायचा, हॉर्न बदलायचा. आणि सहा महिन्यांनी काही मोडले, की कंपनीचा माणूस वाकून खाली पाहतो आणि म्हणतो, "यात बदल केलेला आहे, वॉरंटीत बसत नाही." नऊ-दहा लाखांची गाडी, तिच्यावर कर्ज, आणि दुरुस्तीचा खर्च आपल्या अंगावर. असे होऊ नये म्हणून काय करावे, काय करू नये, आणि कंपनीने विनाकारण हात झटकले तर काय करावे, हे आज सांगणार आहे.

आपली सवय कुठून आली ते आधी ध्यानात घ्या. बंडी ही सुताराने आणि लोहाराने आपल्या डोळ्यांसमोर बांधलेली. चाक थोरले हवे, साटी रुंद हवी, तर तसे सांगावे आणि तशी करून घ्यावी. तिथे लिहून दिलेली हमी नव्हती, म्हणून ती रद्द होण्याचाही प्रश्न नव्हता. पिकअपचे तसे नाही. तिचा सांगाडा, पाटे, ब्रेक, आस, इंजिन हे सारे एका ठरावीक वजनाचा हिशेब धरून एकमेकांशी जुळवलेले असतात. एक बदलले की दुसऱ्यावर ताण येतो. आणि कंपनीचा कागद म्हणतो की, आम्ही जशी दिली तशी ठेवली तर आम्ही जबाबदार.

हा कागद, म्हणजे वॉरंटीचे पुस्तक, बहुतेक जण गाडीच्या पेटीतून बाहेर काढीत नाहीत. तो इंग्रजीत असेल तर गावातल्या शिकलेल्या पोराला बसवून वाचून घ्या. त्यात तीन गोष्टी शोधा. वॉरंटी किती वर्षे आणि किती किलोमीटर, कोणते भाग तीतून वगळले आहेत, आणि कोणत्या बदलामुळे ती जाते. क्लच, ब्रेकचे लायनर, फिल्टर, तेल, रबराचे भाग हे झिजणारे म्हणून बहुधा वगळलेले असतात. टायर आणि बॅटरी यांची हमी त्या-त्या बनवणाऱ्या कंपनीची, वेगळी असते. तिचे कार्डही मागून घ्या.

सर्व्हिसिंगबद्दल एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. पुस्तकात "इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी होईल ते" असे लिहिलेले असते. आपली गाडी हंगामात धावते आणि पऱ्हाटीची उलंगवाडी झाली की सपरीत उभी राहते. कास्तकार म्हणतो, "अजून चार हजारच चालली, आत्ता कशाला सर्व्हिसिंग?" पण महिने भरलेले असतात. ती एक सर्व्हिसिंग चुकली म्हणजे पुढे इंजिनाचा दावा करताना तेच कारण आपल्यासमोर ठेवले जाते. तारीख कॅलेंडरावर, तुरीच्या फवारणीच्या तारखेशेजारी लिहून ठेवा.

आता पाट्यांकडे येऊ. सर्वांत जास्त होणारा बदल हाच आणि सर्वांत कमी समजलेलाही हाच.

मागे माल भरला की गाडी बसते, म्हणून मिस्त्री एक-दोन पाटे वाढवून देतो. गाडी मग बसत नाही आणि आपल्याला वाटते, तिची ताकद वाढली. पण ताकद फक्त पाट्याची वाढली. आसेची नळी, चाकाचे बेअरिंग, चेसिस, ब्रेकचे ड्रम, टायर हे सगळे होते तेवढेच राहिले. पूर्वी पाटा वाकून सांगत होता की वजन जास्त झाले. आता सांगणारा मुका केला, एवढेच. शिवाय पुष्कळ पिकअपमध्ये मागच्या आसेजवळ एक लहानसा व्हॉल्व्ह असतो. मागची बाजू किती खाली बसली यावरून तो गाडीत किती वजन आहे हे ओळखतो आणि त्या मानाने मागच्या ब्रेकला तेलाचा दाब देतो. पाटे कडक केले की भरलेली गाडीही खाली बसत नाही. व्हॉल्व्हला वाटते गाडी रिकामी आहे आणि तो मागचा ब्रेक हलका ठेवतो. तेरा-चौदा क्विंटल माल, उतार, पुढे बैलबंडी, आणि ब्रेकचे काम एकट्या पुढच्या चाकांवर! वॉरंटी राहो बाजूला, हा जिवाचा प्रश्न आहे. पाटा मोडलाच तर त्याच मापाचा, तेवढ्याच संख्येचा संच घालावा, आणि काम झाल्यावर त्या व्हॉल्व्हची दांडी कंपनीच्या मापाने बसवली आहे ना ते विचारावे.

फाळके उंच करण्याचा मोह आपल्याकडे विशेष, कारण आपला माल कापूस. सुटा कापूस हलका आणि फुगीर. फाळक्याच्या उंचीपर्यंत भरला तरी काट्यावर गाडी अर्धी रिकामी निघते आणि हिंगणघाटपर्यंतचे डिझेल तेवढेच लागते. म्हणून लोक चार-पाच फुटांचे लोखंडी अँगल आणि जाळी जोडतात. गरज खरी आहे, मी ती नाकारीत नाही. पण दोन हिशेब करा.

पहिला हिशेब वजनाचा. नोंदणीच्या पुस्तकात गाडीचे रिकामे वजन आणि मालासकट एकूण वजन असे दोन आकडे असतात. समजा रिकामी १,६५० किलो आणि एकूण २,९५० किलो. म्हणजे माल १,३०० किलो. आता दीडशे किलोची जाळी आणि पन्नास किलोचा गार्ड चढवला, तर कायद्याने आणि गाडीच्या प्रकृतीनेही माल उरला ११ क्विंटल. कापसात हे जाणवणार नाही. पण तीच गाडी सोयाबीन किंवा तुरीच्या चुंगड्या नेताना दर खेपेला दोन क्विंटल कमी, किंवा मग दोन क्विंटल जादा भरून दंडाला पात्र. काही जोडले असेल तर गाडी एकदा रिकामी काट्यावर घालून पाहाच. काट्याची पावती दहा माणसांच्या सल्ल्यापेक्षा खरी.

दुसरा हिशेब कायद्याचा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की, कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाने करू नये. केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पक्के केले. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. बेकायदा बदलासाठी मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. जादा वजनासाठी वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार. माल फाळक्याच्या बाहेर लोंबत असेल किंवा ठरलेल्या उंचीच्या वर गेला असेल, तर त्यालाही वीस हजार, आणि माल उतरवण्याचा खर्च वेगळा. कापसाचा डोंगर करून दोन्ही बाजूंनी फुगलेली गाडी नेणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. एका दंडात कितीतरी खेपांचे वाचवलेले डिझेल जाते.

मग उपाय काय? उपाय खरेदीच्या आधी आहे, नंतर नाही. कंपन्या एकाच पिकअपचे चार प्रकार काढतात. आखूड हौदाची, लांब हौदाची, सपाट हौदाची, आणि नुसती केबिन-चेसिस. आपला मुख्य माल कोणता हे घरी बसून ठरवा. सेलूकडील केळीवाला, कारंजा-आष्टीकडील संत्रावाला, समुद्रपूरचा हळदवाला आणि देवळीचा कापूसवाला, यांना एकच हौद सोयीचा नाही. वेगळी बॉडी हवीच असेल तर केबिन-चेसिस घ्यावी, मान्यता असलेल्या बॉडी बांधणाऱ्याकडून ती नोंदणीच्या अगोदर बांधून घ्यावी आणि त्याच रूपात गाडीची नोंद करावी. नोंद झाल्यावर काही बदलायचे असेल तर वर्ध्याच्या परिवहन कार्यालयात आधी अर्ज, मग काम. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचीही लेखी संमती घ्यावी.

बॉडीचे काम करताना वेल्डिंगवर नजर ठेवा. चेसिसच्या लांब पट्ट्यांना भोक पाडू देऊ नका, त्यांवर वेल्डिंगचा टाका मारू देऊ नका. ते पोलाद आच लागली की त्या जागी कमजोर होते आणि पुढे तिथूनच तडकते. बॉडी पट्ट्यांवर बोल्टच्या कड्यांनी आवळता येते. आणि वेल्डिंग सुरू होण्याआधी बॅटरीची तार सोडलीच पाहिजे. आजच्या इंजिनाचा मेंदू म्हणजे एक लहानशी पेटी असते. वेल्डिंगचा करंट तिच्यात शिरला तर ती जळते आणि नवीन पेटीची किंमत ऐकून माणूस खालीच बसतो. मिस्त्री म्हणेल, "काही होत नाही, भाऊ." त्याला म्हणावे, होत नसेल तर दोन मिनिटांचे काम आहे, सोड तार.

पुढच्या लोखंडी गार्डविषयी. बोरच्या जंगलाकडची मंडळी म्हणतात, रात्री रोही आडवा येतो, रानडुक्कर येते, गार्ड हवाच. भीती खरी आहे. पण धडक बसली की तिचा जोर गाडीच्या पुढच्या भागाने चेपून जिरवायचा असतो. गार्ड चेसिसला जखडला की तो जोर सरळ चेसिसमध्ये आणि आत बसलेल्याच्या छातीत जातो. रस्त्यावरच्या माणसालाही तो जास्त लागतो. म्हणूनच केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना असे गार्ड काढायला लावण्याविषयी कळवले. जंगलाच्या रस्त्यावर रात्री वेग कमी ठेवणे यापेक्षा चांगला गार्ड अजून निघालेला नाही.

पावसाळ्यात पांदण रस्त्याने वावरापर्यंत जायचे म्हणून काही जण रुंद टायर घालतात. आपल्या काळ्या चिकण मातीत त्याचा फायदा नाही. टायर आणि मडगार्ड यांमधली जागा कमी होते, माती दाबून बसते आणि चाक फिरेनासे होते. मोठ्या टायरने वेगाचा काटाही खोटे सांगू लागतो आणि क्लचवर ताण येतो. माप तेच ठेवा, भार पेलण्याचा आकडा तोच किंवा वरचा घ्या, फक्त नक्षी खोल घ्या. आणि जुलै-ऑगस्टात पांदणीत बंडीच बरी.

आता इंजिन. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बी.एस. ६ प्रकारच्या आल्या. त्यांच्या धुराड्यात काजळी धरून ठेवणारी एक गाळणी असते. काजळी साठली की इंजिन ती आपोआप तापवून जाळते, पण त्यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्यापैकी वेगाने चालावी लागते. आपली गाडी गाव ते वावर, वावर ते गाव अशी दोन-दोन किलोमीटर चालते. गाळणी तुंबते, दिवा लागतो, जोर कमी होतो. मग कोणी सांगतो, "ती गाळणी काढून टाक, नळी सरळ कर." किंवा, "इंजिनाच्या पेटीत चिप टाकून घे, ताकद वाढते." हे दोन्ही करू नका. इंजिनाच्या पेटीत केलेला बदल कंपनीला यंत्र लावून ओळखता येतो, आणि इंजिनाची सारी वॉरंटी तिथेच धोक्यात येते. शिवाय तो कायद्याविरुद्ध बदल. दिवा लागला तर पुस्तक उघडा. बहुधा मोकळ्या रस्त्याने पंधरा-वीस मिनिटे एका चालीने गाडी हाकायला सांगितलेले असते. आठवड्यातून एकदा वर्ध्याला किंवा पुलगावला जायचेच असते, तेव्हा हे काम होऊन जाते. तेलसुद्धा पुस्तकात लिहिलेल्या प्रतीचेच घाला. जुन्या गाडीचे उरलेले तेल या गाळणीला चालत नाही.

काही गाड्यांत डिझेलच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची दुसरी लहान टाकी असते. तिच्यात युरियाचे द्रावण घालतात, शंभरात साडेबत्तीस भाग युरिया, बाकी क्षार काढलेले पाणी. हे ऐकून एखाद्याच्या डोक्यात येईलच की, युरियाचे पोते तर घरात आहे! ते पोते वावरातच राहू द्या. २०१५ पासून शेतीचा सारा युरिया निंबोळीचा लेप दिलेला येतो. तो लेप आणि विहिरीच्या पाण्यातले क्षार त्या यंत्रणेची बारीक तोटी बुजवतात. दुरुस्ती महाग, वॉरंटी नाही, आणि सवलतीचा युरिया शेतीशिवाय दुसरीकडे वापरणे हा गुन्हाही आहे. तयार द्रावणाची बंद बादली बिल घेऊन विकत आणा.

हॉर्न, दिवे, गाणी यांबद्दल थोडक्यात. तारेचे कव्हर सोलून तिला दुसरी तार गुंडाळणे ही आग लागण्याची सुरुवात असते. काही जोडायचेच तर स्वतंत्र फ्यूज आणि रिले घालून, जमल्यास कंपनीच्या दुकानातच जोडून घ्या. कर्णकर्कश आणि अनेक सुरांचे हॉर्न मुळातच मनाई असलेले आहेत. सीटचे कव्हर, रबरी चटई, ताडपत्री, चिखल अडवणारे पडदे, हे खुशाल घ्या. त्यांनी काही बिघडत नाही.

यानंतरची गोष्ट वॉरंटीची नाही, पण ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वेचणीच्या दिवसांत हौदात आडवे दांडे लावून, फळ्या टाकून मजूर बाया नेल्या जातात. मालाच्या गाडीत मालाचा धनी किंवा त्याने नेमलेला माणूस बसला तर त्याला विम्याचे संरक्षण आहे, १९९४ च्या दुरुस्तीने ते मिळाले. पण फुकट बसवलेल्या इतर माणसांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितले. अपघात झाला तर भरपाई गाडीच्या मालकाच्या घरातून, वावरातून द्यावी लागते, आणि त्या बाईच्या घरी काय राहते ते मी सांगायला नको. बाया नेण्यासाठी प्रवासी परवान्याची गाडी सांगा. चार वावरवाल्यांनी मिळून सांगितली तर परवडते.

आता प्रश्न असा, की बाहेर काही काम केले म्हणजे कंपनी सगळीच वॉरंटी बुडवू शकते का? न्यायाचे माप असे की, बदलामुळे जो भाग बिघडला त्याचीच हमी जावी. गाणी वाजवायचे यंत्र बसवले म्हणून गिअरबॉक्सची हमी नाकारणे हे काही न्यायाचे नव्हे. अमेरिकेत १९७५ साली याविषयी वेगळा कायदाच झाला. आपल्याकडे तसा वेगळा कायदा नाही. पण भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांच्या प्रकरणात सांगितले की, बाहेरच्या मिस्त्रीकडे काम केले एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, बाहेरच्या सदोष कामाने जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारावी. त्या आदेशाविरुद्ध पुढे अपिले झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या, तेव्हा त्याच्या एकट्याच्या जोरावर भांडायला जाऊ नका. बोलण्यात मात्र त्याचा उपयोग करा.

दुकानाने नकार दिला तर तोंडी ऐकून परत फिरू नका. शांतपणे म्हणा, "साहेब, कोणता भाग, कोणत्या बदलामुळे बिघडला, हे जॉबकार्डावर लिहून द्या." पुष्कळदा लिहायची वेळ आली की सूर बदलतो. लिहून दिले तर तो आपला पुरावा. नाही दिले तर आपण एक अर्ज लिहून त्याची पोच घ्यावी, एक प्रत कंपनीच्या मुख्य कार्यालयाला स्पीड पोस्टाने पाठवावी. जुना मोडका भाग कोणाच्या ताब्यात आहे याची नोंद ठेवा, त्याचे फोटो काढा.

तेवढ्याने भागले नाही तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्याच्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. शोरूम नागपूरला असले तरी वर्ध्यात दाद मागता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत गेले पाहिजे. पाच लाखांपर्यंतच्या किमतीला फी नाही, पाच ते दहा लाखांना दोनशे रुपये, दहा ते वीस लाखांना चारशे. समोरचा वकील म्हणेल, गाडी धंद्यासाठी घेतली, हा ग्राहकच नव्हे. त्याला उत्तर कायद्यातच आहे. स्वतःच्या कष्टाने पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ही धंद्याची खरेदी धरत नाहीत. म्हणून सातबारा आणि बाजार समितीच्या आपल्या नावाच्या हिशेबपट्ट्या सोबत जोडा. पण त्याच कायद्यात हेही आहे की, गाडीतल्या दोषाने कोणाला इजा झाली आणि त्या वेळी गाडीत फेरफार केलेला होता, तर विकणाऱ्याविरुद्ध त्या नुकसानीचा दावा टिकत नाही.

येत्या हंगामात गाडी घेणार असाल तर बुकिंगच्या दिवशीच विक्रेत्याला विचारा की, ताडपत्रीच्या कड्या, जाळी, दिवे यांतले काय-काय तुम्ही बसवून देता आणि ते वॉरंटीत धरता का. जे हो म्हणेल ते बिलावर लिहून घ्या, शिक्का मारून घ्या. गाडी ताब्यात घेताना चहूबाजूंनी आणि खालून, पाटे दिसतील असे फोटो मोबाईलवर काढा. बिल, वॉरंटीचे पुस्तक, प्रत्येक सर्व्हिसिंगची पावती, विम्याचा कागद आणि काट्याची पावती एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरी ठेवा, आणि गाडीत त्यांच्या झेरॉक्स ठेवा.